हातात धरायचे लेझर मातीपरीक्षक यंत्र: शिशासाठी भरवशाचे, कॅडमियमसाठी नव्हे

कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे, राखेमुळे किंवा धुराड्यांतून वर्षानुवर्षे बसत गेलेल्या धुळीमुळे बिघडलेल्या जमिनीत जड धातू किती आहेत, हे जागेवरच सांगणारे लेझरचे एक हातयंत्र गेले आठ महिने माझ्या वापरात आहे. पिस्तुलासारखी मूठ, पुढे नखाएवढी काच, मागे पडदा. घोडा दाबला की कडकड असा बारीक आवाज होतो आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर धातूंची यादी आकड्यांसह उमटते. यंत्राचे आणि ते बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्या बहुतांशी या जातीच्या सर्वच यंत्रांच्या अंगभूत आहेत, आणि उरलेल्या मी विक्रेत्याच्या कानावर घातल्या आहेत. असे यंत्र घ्यावे की नेहमीप्रमाणे नमुने प्रयोगशाळेत पाठवत राहावे, हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हा अभिप्राय आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कुठे खणायचे, कोणता ढीग वेगळा काढायचा आणि शंभरातले कोणते दहा नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, हे ठरवण्यासाठी यंत्र फार उपयोगी आहे. पण पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा अहवालात उतरवून त्याखाली सही करण्याची माझी तयारी नाही.

या तंत्राला ‘लेझर-इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘लिब्स’ म्हणतात. लेझरचा अत्यंत अल्पकाळाचा स्पंद मातीच्या एका ठिपक्यावर एकवटला, की तेथील मातीची वाफ होते आणि वाफेचा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त, विद्युतभारित वायू, बनतो. दहा हजार केल्व्हिनहून अधिक तापमानाची ही ठिणगी निवत असताना तिच्यातील प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. शिशाची ओळखीची रेषा ४०५.७८ नॅनोमीटरवर येते, क्रोमियमची ४२५.४३ वर, तांब्याच्या दोन रेषा ३२४.७५ आणि ३२७.४० वर. रेषा कुठे आहे त्यावरून धातू ओळखायचा आणि ती किती उजळ आहे त्यावरून त्याचे प्रमाण काढायचे, एवढीच मूळ कल्पना. माझ्या यंत्रातील लेझर १०६४ नॅनोमीटरचा असून एका स्पंदात सुमारे ५ मिलिज्यूल ऊर्जा देतो. ऐकताना ही ऊर्जा क्षुल्लक वाटते. पण ती साधारण एका नॅनोसेकंदात बाहेर पडते, म्हणजे तेवढ्या क्षणापुरती शक्ती ५० लाख वॅट होते, आणि ती सगळी केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर पडते. जन्मल्याबरोबर प्लाझ्मा नुसताच सलग पांढरा उजेड देतो, त्यात कोणतीच रेषा वेगळी दिसत नाही. म्हणून वर्णपटमापकाला, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणाऱ्या भागाला, क्षणभर थांबून मगच पाहायला सुरुवात करावी लागते. प्रयोगशाळेतील मोठ्या मांडणीत हा विलंब, जो साधारण एका मायक्रोसेकंदाच्या आसपास असतो, हवा तसा बदलता येतो. माझ्या यंत्रात तो कारखान्यातच ठरवून दिलेला आहे आणि वापरणाऱ्याला त्याला हात लावता येत नाही.

विक्रीच्या वेळी या तंत्राची थोरवी सांगताना मंगळ आणि चंद्र यांचा उल्लेख हटकून होतो, आणि तो खोटाही नाही. ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरने २०१२ साली मंगळावरील खडकावर लेझर रोखला तो याच तंत्रासाठी, आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भूमीत गंधक असल्याचे चंद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ रोव्हरने ऑगस्ट २०२३ मध्ये दाखवले तेही याच तंत्राने. मात्र तिथला प्रश्न ‘आहे का’ असा होता. आपला प्रश्न ‘ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे का’ असा असतो, आणि तो कितीतरी अवघड आहे. शिवाय चंद्रावरची माती कोरडी ठणठणीत असते.

आपली नसते, आणि पहिला अपेक्षाभंग तिथेच होतो. माहितीपत्रकातील छायाचित्रात यंत्र थेट जमिनीला टेकवलेले आहे. मी पहिल्या आठवड्यात तसेच केले. ओलसर मातीवर घोडा दाबला की नेहमीचा कडकडाट न होता दबका, फुसका आवाज येतो. लेझरची बरीचशी ऊर्जा पाणी उडवण्यातच खर्च होते, प्लाझ्मा थंड राहतो आणि सगळ्याच रेषा मंदावतात. ज्या जागेवर शिसे असल्याचे जुन्या अहवालांवरून पक्के माहीत होते, तिथे ओल्या मातीत यंत्राने ‘आढळले नाही’ असे दाखवले, आणि त्याच मातीचा ढेकूळ तासभर उन्हात ठेवून चुरल्यावर शिसे पडद्यावर आले. यंत्राने ओल्या मातीवर निदान ‘संकेत अपुरा’ असा इशारा तरी द्यायला हवा होता. ‘आढळले नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ या दोन गोष्टींत प्रदूषित जमिनीच्या बाबतीत फार मोठा फरक आहे, आणि हे यंत्र तो करत नाही.

तेव्हापासून मी तयारी केल्याशिवाय मोजमाप घेत नाही. माती पसरून वाळवायची, खडे आणि मुळ्या काढायच्या, खलात कुटून बारीक चाळणीतून चाळायची, आणि शक्य असेल तेव्हा हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून तिची चकती करायची, जिला प्रयोगशाळेत सगळे पेलेटच म्हणतात. भुसभुशीत मातीवर लेझरचा प्रत्येक स्पंद आपल्याच धक्क्याने खड्डा करतो, कण उडवतो आणि पुढच्या स्पंदासाठी काचेपासून मातीपर्यंतचे अंतर बदलून ठेवतो. चकतीचा पृष्ठभाग घट्ट आणि सपाट असल्याने हे सगळे आटोक्यात राहते. पाऱ्याचा संशय असेल तर माती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवू नये, कारण पारा उडून जातो, हे इथेच सांगून ठेवतो. ‘अर्ध्या मिनिटात निकाल’ ही जाहिरात तयारीचा वेळ धरत नाही. तो धरला तर एका नमुन्याला माझा पाऊण तास जातो. तरीही आम्लात माती विरघळवून आयसीपी या प्रयोगशाळेतील धातुमापक यंत्रावर मोजण्याच्या पद्धतीपेक्षा हे कितीतरी सुटसुटीत आहे, कारण इथे सांद्र नायट्रिक आम्ल नाही, धूरकपाट नाही आणि शेवटी टाकून द्यायचे आम्लयुक्त पाणीही नाही.

आता शिशाविषयी, ज्यासाठी मुख्यतः मी हे यंत्र घेतले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडून प्रमाणित संदर्भ माती मिळते. तिच्यातील मोंटानाच्या दोन मातींमध्ये शिसे अनुक्रमे ०.५५२ टक्के आणि ०.१४० टक्के असते, म्हणजे किलोमागे ५,५२० आणि १,४०० मिलिग्रॅम. सॅन वाकिन खोऱ्याच्या मातीत ते अवघे १७.३ मिलिग्रॅम असते. या तिन्हींच्या चकत्या करून मी यंत्रापुढे ठेवल्या. पहिल्या दोन मातींत यंत्राने क्रम बरोबर लावला आणि आकडेही दिशाभूल करणारे नव्हते. तिसरीत शिसे त्याला दिसलेच नाही. यात नवल नाही. शिशासाठी हातयंत्रांची पोच काही दहा पीपीएमपर्यंत (एक पीपीएम म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅम) असते आणि स्वच्छ मातीतील नैसर्गिक शिसे बहुधा त्याच्या खालीच राहते. त्यामुळे ‘इथे गडबड आहे’ हे यंत्र खात्रीने सांगते, पण ‘इथली माती अगदी शुद्ध आहे’ हे त्याला सांगता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये निवासी जागेतील मातीसाठी शिशाची प्राथमिक तपासणीची पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर आणली, तेव्हा अशा यंत्रांचे काम एकाएकी कठीण झाले असणार, कारण मर्यादा जितकी खाली येते तितका यंत्राच्या चुकीचा वाटा तिच्या तुलनेत वाढतो. हजार पीपीएमच्या मातीत शंभराची चूक चालून जाते. दोनशेच्या आसपास तीच चूक निर्णय फिरवते.

शिशाच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. मँगॅनीजच्या दोन रेषा ४०५.५५ आणि ४०५.८९ नॅनोमीटरवर, म्हणजे शिशाच्या रेषेच्या अगदी दोन्ही बाजूंना, उभ्या असतात, आणि छोट्या वर्णपटमापकाला एवढे बारीक अंतर नीट वेगळे करता येत नाही. मँगॅनीज भरपूर असलेल्या काळपट मातीत शिशाचा आकडा फुगतो. सॉफ्टवेअर त्याची वजावट करते असे सांगितले जाते आणि काही अंशी ते खरेही आहे. पण वजावट किती केली हे पडद्यावर कुठेच दिसत नाही.

जड धातूंनी बिघडलेल्या जमिनीत धातू एकसारखा पसरलेला नसतो, ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती, पण लेझरने ती डोळ्यांना दाखवली. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसे काढले जात असे अशा एका जागेची माती मी चकती करून यंत्राखाली ठेवली होती. तीस ठिकाणी मारा केला. एकोणतीस ठिपक्यांवर शिशाची रेषा बेताची, आणि एका ठिपक्यावर ती इतकी उंच की आलेखाचा वरचा काठ ओलांडून गेली. भिंगाखाली पाहिले तर तिथे राखाडी, चकचकीत धातुमळीचा एक कण बसला होता. यंत्राच्या सॉफ्टवेअरने काय करावे? त्याने तो तिसावा ठिपका ‘विसंगत’ म्हणून आपणहून बाद केला आणि उरलेल्या एकोणतिसांची सरासरी काढून मध्यम प्रदूषणाचा आकडा दाखवला. लोखंडाच्या कांबीची प्रत तपासताना विसंगत रीडिंग टाकून देणे शहाणपणाचे असेल, कारण तिथे ते बहुधा धूळ किंवा गंज यांमुळे येते. मातीत मात्र तो कण म्हणजेच प्रदूषण. ही सोय बंद करण्याची कळ तीन पायऱ्या आत, ‘प्रगत मांडणी’त दडलेली आहे; ती बंद करून प्रत्येक ठिपक्याचे रीडिंग स्वतंत्र साठवण्याची सवय मी लावून घेतली आहे, आणि हे यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ते करावे असे मी आग्रहाने सांगेन.

एका स्पंदाने उडणारी माती फार तर एक मायक्रोग्रॅम, आणि माझ्या यंत्राएवढ्या लेझरमध्ये त्याहून बरीच कमी. अगदी एक मायक्रोग्रॅम धरला तरी तीनशे स्पंदांत यंत्राने तपासलेली माती ०.३ मिलिग्रॅम भरते. मायक्रोवेव्हमध्ये आम्लाने पाचन करण्याच्या प्रचलित पद्धतीत अर्धा ग्रॅम माती घेतात, म्हणजे दीड हजार पटींहून अधिक. चिमटीतही पकडता न येणाऱ्या मातीवरून आपण शेताविषयी बोलत असतो. म्हणून एकाच नमुन्याच्या तीन वेगवेगळ्या चकत्या करून प्रत्येकीवर विखुरलेल्या ठिकाणी मारा करणे, हा माझ्या अनुभवात चुका कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरला आहे. एकाच जागी शंभर वेळा मारा करण्याने फक्त खड्डा खोल होतो.

आता ज्या प्रसंगाने मला या यंत्रावर आंधळा विश्वास टाकण्यापासून वाचवले तो सांगतो. लाकूड वाळवीपासून वाचवण्यासाठी त्यावर रसायनांचा मारा होत असे अशा एका आवारातील मातीत यंत्राने कॅडमियम दाखवले, तेही भरपूर. क्रोमियम आणि तांबेही खूप होते. माझ्या सहकाऱ्याने यादी पाहिली आणि विचारले, “इथे कॅडमियम कुठून येणार? इथे ना बॅटऱ्या बनत होत्या, ना मुलामा देण्याचे काम होते.” प्रश्न रास्त होता. लाकूड टिकवण्याचे जुने प्रचलित रसायन तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक या तिघांचे असते; म्हणजे यादीत आर्सेनिक हवे होते आणि ते नव्हते, तर त्याच्या जागी कॅडमियम होते. मी यादी सोडून मूळ वर्णपट उघडला. कॅडमियमची प्रमुख रेषा २२८.८० नॅनोमीटरवर असते आणि आर्सेनिकची एक रेषा २२८.८१ वर; या दोघींना वेगळे करणे हातयंत्राच्या आवाक्यातले नाही. पण कॅडमियम खरोखर असते तर २१४.४४ आणि २२६.५० या त्याच्या दुसऱ्या रेषाही उठायला हव्या होत्या, आणि तिथे काही नव्हते, उलट २३४.९८ आणि २७८.०२ या आर्सेनिकच्या रेषा, मंद का होईना, पण स्पष्ट दिसत होत्या. यंत्राने आर्सेनिकला कॅडमियमचे नाव देऊन टाकले होते. प्रयोगशाळेच्या अहवालाने नंतर तेच सांगितले.

ही चूक क्षम्य आहे की नाही, यावर माझे आणि विक्रेत्याच्या तंत्रज्ञाचे एकमत झाले नाही. त्यांचे म्हणणे असे, की कारखान्यात भरलेले कॅलिब्रेशन, म्हणजे रेषेच्या उजळीवरून प्रमाण काढण्याचे कोष्टक, सर्वसाधारण मातीसाठी आहे आणि इतके आर्सेनिक असलेली माती ‘सर्वसाधारण’ नाही. माझे म्हणणे असे, की औद्योगिक प्रदूषणाच्या तपासणीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राला सर्वसाधारण माती भेटणारच नाही. एका रेषेवर भिस्त ठेवून धातूचे नाव जाहीर करण्याआधी त्याच धातूच्या दुसऱ्या रेषेची साक्ष काढणे हा वर्णपटशास्त्राचा जुना शिरस्ता आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये तो चार ओळींचे काम आहे. एवढे मात्र यंत्राच्या बाजूने सांगितले पाहिजे, की त्याने मूळ वर्णपट लपवून ठेवला नव्हता; तो उघडून पाहता येतो, संगणकावर उतरवून घेता येतो, आणि ज्या यंत्रात ही सोय नाही ते मी फुकटही घेणार नाही.

तसेही कॅडमियमसाठी हे यंत्र घेऊ नये. बिघाड नसलेल्या मातीत कॅडमियम सहसा किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते आणि ते पाच-दहा झाले तरी चिंतेचे कारण असते. या पातळीवर हातयंत्राला काहीच दिसत नाही. पाऱ्याचीही तीच कथा आहे: त्याची २५३.६५ ची रेषा लोहाच्या गर्दीत आणि सिलिकॉनच्या रेषांच्या शेजारी येते, आणि मातीत सिलिकॉन व लोह किती असतात हे सांगायला नको. निकेल बऱ्यापैकी. जस्त शेकड्यांत असेल तर ठीक. तांबे आणि क्रोमियम या दोघांसाठी यंत्र सर्वांत संवेदनशील वाटले, पण तांबे खूप वाढले की रेषेची उजळी त्या प्रमाणात वाढत नाही, कारण प्लाझ्माच्या बाहेरच्या थंड थरातील तांब्याचे अणू आतला प्रकाश स्वतःच गिळतात. परिणामी अति प्रदूषित माती प्रत्यक्षाहून सौम्य भासते. क्रोमियमच्या बाबतीत मर्यादा निराळीच आहे. यंत्र एकूण क्रोमियम सांगते. त्यातले विषारी, पाण्याबरोबर सहज वाहणारे सहा-संयुजी किती आणि मातीला चिकटून बसणारे तीन-संयुजी किती, हे दहा हजार अंशांच्या प्लाझ्मात सगळे बंध तुटल्यावर कुणालाच सांगता येणार नाही. चर्मोद्योगाच्या गाळाची चौकशी करणाऱ्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे.

क्ष-किरण प्रस्फुरणाचे हातयंत्र, ज्याला बहुतेक जण एक्सआरएफ म्हणून ओळखतात, मी यापूर्वी अनेक वर्षे वापरलेले आहे, त्यामुळे तुलना टाळता येत नाही. निव्वळ शिसे, जस्त आणि आर्सेनिक एवढ्याचसाठी यंत्र हवे असेल तर आजही मी एक्सआरएफच सुचवेन: त्याचा किरणझोत केसाएवढ्या ठिपक्याऐवजी काही मिलिमीटरांचा भाग एकदम पाहतो, त्यामुळे रीडिंग कमी हलते, आणि मातीसाठी त्याच्या वापराच्या रीती कधीच्याच लिहून ठेवलेल्या आहेत. त्याचेही घोटाळे आहेतच, आर्सेनिकची १०.५४ आणि शिशाची १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची शिखरे त्यात एकमेकांवर चढतात, म्हणजे लेझरमध्ये आर्सेनिक कॅडमियमशी भांडते आणि क्ष-किरणांत शिशाशी. लेझरची बाजू जिथे वरचढ ठरते ती हलक्या मूलद्रव्यांत. बेरिलियम, लिथियम, बोरॉन ही एक्सआरएफला दिसतच नाहीत आणि लेझरला सहज दिसतात. लिथियमच्या बॅटऱ्यांच्या कचऱ्याने बिघडलेल्या जमिनीचा प्रश्न जसजसा पुढे येईल तसतसा हा गुण मोलाचा ठरेल असे मला वाटते. क्ष-किरणांच्या साधनांसाठी लागणारी किरणोत्सर्गविषयक परवानगीही इथे लागत नाही.

आणि एका कामात तर या यंत्राला माझ्याकडे तोड नाही. जमिनीत नळी ठोकून काढलेला मातीचा उभा गाभा लांबीने अर्धा चिरायचा, वाळवायचा, आणि वरच्या टोकापासून खाली दर दोन मिलिमीटरांवर लेझर मारत जायचे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा अर्धा दिवस खुर्चीवरून उठलो नाही. शिशाची रेषा वरच्या काही सेंटिमीटरांत उंच, मग एका काळसर, कुजलेल्या पानांच्या थराशी आणखी उंच, आणि त्याखाली चिकणमाती लागताच जवळजवळ नाहीशी. जस्त मात्र त्या थराला न जुमानता पुढे खाली उतरत गेलेले. शिसे सेंद्रिय द्रव्याला आणि चिकणमातीला धरून वरच अडकते आणि जस्त त्या मानाने चंचल असते, हे आपण शिकवतो. इथे ते बोटाच्या पेराएवढ्या अंतरात दिसले. आम्लपाचनाच्या पद्धतीत एवढा बारीक आडवा छेद घ्यायचा तर गाभ्याचे शेकडो तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा नमुना करावा लागला असता, जे कुणी करत नाही. इथे निरपेक्ष आकडा चुकला तरी बिघडत नाही, कारण आपल्याला एकाच मातीतला चढउतार पाहायचा असतो, आणि तो हे यंत्र उत्तम दाखवते. किती थर खरवडून न्यायचा हे ठरवताना या चित्राचा जो उपयोग झाला, त्याने यंत्राचे अर्धे मोल मला परत मिळवून दिले.

रोजच्या वापराविषयी थोडे. यंत्र वजनाला बेताचे आहे, पण हात लांबवून पन्नास रीडिंग घेतली की मनगट बोलू लागते. बॅटरी अर्धा दिवस टिकते. आर्गॉन वायूची छोटी नळकांडी लागतात. आर्गॉनमध्ये प्लाझ्मा अधिक उजळ होतो आणि खोल अतिनील भागातील प्रकाश हवेतील ऑक्सिजन गिळतो तेही टळते. नळकांडे संपत आले की रेषा हळूहळू खचतात आणि यंत्र काही बोलत नाही. लेझर ‘३बी’ वर्गाचा आहे. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यातून थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो, म्हणून १०६४ नॅनोमीटरसाठी बनवलेला चष्मा घातल्याशिवाय शेजारीही उभे राहू नये. यंत्राचे नाक पृष्ठभागाला टेकल्याशिवाय लेझर सुटत नाही अशी सोय आहे खरी, पण खडबडीत ढेकळावर ते नाक एका बाजूने टेकते आणि दुसऱ्या बाजूने फट राहते. माहितीपत्रकात नसलेली एक सूचना माझ्याकडून: नाकातोंडावर मास्क हवा. प्रत्येक स्पंदाबरोबर जी बारीक धूळ उडते ती शिशाची असू शकते, हे तर आपण यंत्रावरच वाचत असतो.

हीच धूळ काचेवरही बसते. दुसऱ्या महिन्यात सकाळची रीडिंग नेहमीच दुपारपेक्षा जास्त येऊ लागली आणि मी उन्हाला, तापमानाला, बॅटरीला दोष देत बसलो. मग एकच चकती दिवसभर दर दहा नमुन्यांनंतर मोजत गेलो, तेव्हा तिचाही आकडा पायरीपायरीने उतरताना दिसला. काच पुसली आणि तो जागेवर आला. आता दर दहा नमुन्यांमागे काच पुसणे आणि एक संदर्भ चकती मोजणे हे वहीत खूण करून पाळले जाते. सॉफ्टवेअर संदर्भ चकतीचे रीडिंग वेगळे ओळखून त्याचा आलेख ठेवू शकले असते, ठेवत नाही. ते आणखी एक गोष्ट करते जी मला खुपते. शिसे ‘४१२.७ पीपीएम’ असा दशांशापर्यंतचा आकडा ते ठळक अक्षरांत दाखवते आणि त्याची कमी-अधिक व्याप्ती बारीक, करड्या अक्षरांत, दुसऱ्या पानावर. त्याच चकतीचे पुढचे रीडिंग पन्नासांनी वर किंवा खाली येते. मग त्या .७ चे काय करायचे? सोबत आलेल्या पाहुण्यांना, विशेषतः निर्णय घेणाऱ्यांना, तो दशांशच पटतो.

स्वतःचे कॅलिब्रेशन भरण्याची सोय यंत्रात आहे आणि ती नसती तर मी हे लिहिण्याच्या आधीच ते परत केले असते. ज्या प्रकारच्या मातीत काम करायचे तिचेच दहा-बारा नमुने प्रयोगशाळेतून आयसीपीवर मोजून आणायचे, त्यांच्या चकत्या करायच्या आणि त्यावरून यंत्राला शिकवायचे; वालुकामय मातीवर शिकलेले यंत्र चिकणमातीत चुकते, कारण प्लाझ्मा किती तापेल आणि किती माती उडेल हे मातीच्या घडणीवर ठरते. हे केल्यानंतर शिसे, तांबे आणि क्रोमियम यांची रीडिंग प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जी जुळू लागली, तशी ती कारखान्यातून आलेल्या कॅलिब्रेशनवर कधीच जुळली नव्हती. दोन दिवसांचे काम आहे, आणि विक्रेते त्याविषयी आपणहून बोलत नाहीत.

सहाव्या महिन्यात काचेवर चरा पडला म्हणून यंत्र सेवाकेंद्रात पाठवावे लागले. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा काच नवी होती, सॉफ्टवेअरची आवृत्ती नवी होती, आणि आम्ही भरलेले कॅलिब्रेशन पुसले गेले होते. त्याची प्रत संगणकावर होती म्हणून वाचलो, पण नव्या काचेसाठी ते कॅलिब्रेशन जसेच्या तसे चालले नाही आणि सगळ्या चकत्या पुन्हा मोजाव्या लागल्या. आता त्या बारा चकत्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवलेल्या आहेत. यंत्र दुरुस्तीला देण्याच्या आदल्या दिवशी त्या सगळ्या मोजायच्या, ते परत आल्यावर पुन्हा मोजायच्या, आणि दोन्ही रकाने शेजारी शेजारी जुळेपर्यंत कुणाच्याही मातीला ते लावायचे नाही, असे ठरवून टाकले आहे.